आज्जीच्या डबीतलं 'हण' : एवढ्याशा सोन्याच्या नाण्यानं खरंच बाजार व्हायचा का?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, मी कामाला बेळगावात असतो, नवरात्राच्या आधी घरी गेलो होतो आणि देव्हारा घासायचं काम दरवर्षी माझ्याकडंच असतंय. देवांच्या मागं एक पितळेची चपटी डबी आहे, तिच्यात कुंकू, दोन कवड्या, एक ढब्बू पैसा असलं काय काय ठेवलेलं. यंदा ती डबी परातीत उपडी केली तर कुंकवाच्या खड्यातनं एक पिवळी टिकली निघाली. मला वाटलं कुणाच्या तरी कानातल्यातली तुटून पडलीय. मसुरीच्या डाळीपेक्षा जराशी मोठी, पातळ. नखानं उचलायला गेलो तर उचलेना, शेवटी बोट ओलं करून वर दाबलं तेव्हा चिकटून आली.

आज्जी बाहेर सोप्यात बसली होती, तिथनंच ओरडली, "टाकशील बाळा, ते हण हाय! माझ्या सासूच्या सासूनं ठेवलेलं." आज्जीचं वय ८६. तिनं तिच्या सासूकडनं ऐकलेलं असं की आधीच्या काळात रोजगार, देणंघेणं, देवाची दक्षिणा सगळं हणावर चालायचं, आणि बायका हण कनवटीला लावून बाजारला जायच्या.

मला खरंच कळत नाही हो. एवढं बारीक नाणं, फुंकर मारली तर उडंल, ते कनवटीला लावून माणूस चार मैल चालत बाजारला कसा जात असंल? मोजत कसे असतील? आणि सोन्यानं भाजी घेत होते का? कुणाला माहिती असंल तर जरा सविस्तर सांगा. एका बाजूला कायतरी आकृती आहे, दुसरीकडं तीन ओळी अक्षरं वाटत्यात पण कुंकू बसलंय.

जुनं_नाणं
आज्जींचा शब्द अगदी बरोबर आहे. आधी एकच विनंती, ते कुंकू पितांबरीनं वगैरे घासू नका. कोमट पाण्यात ठेवा, मऊ कापडानं टिपा, बस्स.

कन्नडात आज हण म्हणजे सरसकट पैसा, पण मुळात ते एका नाण्याचं नाव. संस्कृतातला 'पण', तमिळात 'पणम्', कन्नडात जुन्या प चा ह झाला म्हणून 'हण', आणि फिरंग्यांच्या तोंडी त्याचंच 'फनम' झालं. मराठी बखरींत 'फलम' म्हणून येतं ते हेच. आपला होनसुद्धा तिकडूनच आलाय, होन्नु म्हणजे सोनं. आपण सीमाभागातली माणसं रोज 'हण इल्ला' (पैसे नाहीत) ऐकतो, त्या शब्दात एक सोन्याचं नाणं आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

वजन म्हणाल तर ग्रॅमचा तिसरा हिस्सा, ०.३३ ते ०.४ ग्रॅमच्या मधे कुठंतरी. जुन्या मापात तीनेक गुंजा. तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे एका तोळ्यात तीस-बत्तीस हण बसले. विजयनगरचा वराह म्हणजे मोठा होन ३.४ ग्रॅमचा, त्याचा दहावा भाग हण, असा ढोबळ हिशेब धरा. तुमचं नाणं सोनाराकडच्या पॉइंटच्या काट्यावर मोजा आणि भिंगातून दोन्ही बाजू नीट बघून इथं लिहा. आकृती बसलेली आहे की उभी, हात किती, तेवढं सांगा.

निपाणीचा_दादा
मला नाही पटत. आज सोन्याचा भाव बघा की, तीन गुंजा सोनं म्हटलं तरी काही हजार रुपये होत्यात. एवढ्या पैशाची कोण वांगी घेतंय? माझं मत सांगतो, ही सगळी नाणी देवाला व्हायला, नवरीच्या गळ्यात घालायला आणि राजाच्या खजिन्यात ठेवायला. सामान्य माणसाच्या हातात तांबं आणि कवड्या. 'पूर्वी सोन्याचा धूर निघायचा' हे ऐकून ऐकून आपल्याला वाटतंय की सगळे सोनं घेऊन हिंडायचे.

जुनं_नाणं
दादा, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण उरलेल्या अर्ध्यातच खरी गंमत आहे म्हणून जरा लांबण लावतो, वाचा.

१४४३ साली इराणच्या दरबाराचा वकील अब्दुर रझाक विजयनगरला आला होता, देवराय दुसरा गादीवर असताना. त्यानं तिथल्या नाण्यांची उतरंड लिहून ठेवलीय. सोन्याची तीन : वराह, त्याच्या निम्मा प्रताप, आणि प्रतापाचा दहावा भाग फनम. मग चांदीचा तार, तो फनमचा सहावा भाग. मग तांब्याचा जितल, तो ताराचा तिसरा भाग. आणि तो स्पष्ट म्हणतो की या सोन्याच्या नाण्यांत सगळ्यात उपयोगाचं नाणं फनम. वराह नव्हे, फनम! परक्या मुलखातला माणूस, त्याला बाजारात चार दिवस हिंडून जे दिसलं ते त्यानं लिहिलं.

आता हिशेब करा. एका फनमचे सहा तार, सहा ताराचे अठरा जितल. म्हणजे हण मोडलं की अठरा तांब्याची नाणी हातात. तर भाजी जितलला, मीठ जितलला, तिथं दादा बरोबर. पण लुगडं, धान्याचं पोतं, बैलाचं भाडं, गड्याची मजुरी, शेताचा सारा, लग्नातलं देणं, इथं तांबं मोजत बसणं परवडत नव्हतं आणि अख्खा होन मोडणंही परवडत नव्हतं. तिथं हण. म्हणून त्याला खजिन्यातलं नाणं म्हणू नका आणि भाजीचंही म्हणू नका, हे मधलं नाणं आहे, आणि गरीब माणसाच्या हातात सोनं येण्याचा तेवढाच एक रस्ता होता. मला तर या एका गोष्टीसाठी हण फार जवळचं वाटतं.

निपाणीचा_दादा
थांबा की. वर म्हणालात दहा हणांचा एक होन, आणि हा इराणी म्हणतोय प्रतापाचा दहावा भाग, म्हणजे वराहाचे वीस झाले. नेमकं काय?

जुनं_नाणं
नेमकं पकडलंत. वजनानं बघितलं तर दहाच बसतात, पण हण सगळीकडं सारख्या कसाचं नसायचं. मलबारचं हण, म्हैसूरचं हण, विजयनगरचं हण, प्रत्येकात सोनं वेगळं आणि भेसळ वेगळी. त्यामुळे एका होनाला किती हण हे गावोगाव बदलायचं. म्हैसूरकडं दहा कंठीराय हणांचा एक कंठीराय होन धरत, आणि मजा म्हणजे तो होन पाडलेलाच नव्हता, फक्त वहीत असायचा! हातात हण, वहीत होन. मी ३१ वर्षं बँकेत कॅशियर होतो, मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं की काय सांगू.

बैलहोंगल_मास्तर
चांगला धागा. मी हायस्कूलला इतिहास शिकवतो, मातृभाषा मराठी पण शिक्षण कन्नडात, त्यामुळं शिलालेख वाचायची सवय लागली. आपल्या भागातल्या हजार-आठशे वर्षांपूर्वीच्या लेखांत दान दिलेलं सोनं 'गद्याण' मध्ये मोजलंय, त्याच्या खाली 'पण', आणि पणाच्या चौथ्या हिश्शाला 'हाग'. देवळाच्या नंदादीपाला तेल, फुलाला अमुक पण, पुजाऱ्याला इतके हाग असं बारीक बारीक लिहिलेलं असतं. राजानं गाव दिलं हे एका ओळीत संपतं, पण तेलाचा हिशेब चार ओळी चालतो. मला त्या चार ओळीच आवडतात.

मलप्रभाकाठ, तुम्ही खानापूरचे म्हणून सांगतो, हलशी तुमच्याच तालुक्यात. तिथं गोव्याच्या कदंब राजांचं मोठं ठाणं होतं, भूवराह नरसिंहाचं देऊळ त्यांच्याच काळातलं. त्या कदंबांनी सोन्याचे गद्याण पाडले, त्यावर सिंह, आणि नागरी अक्षरांत 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' म्हणून राजाचं नाव. सप्तकोटीश्वर म्हणजे गोव्यातल्या नार्व्याचा, ज्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये परत उभं करवलं तोच. हलशीला गेलात की देवळाच्या आवारात उभं राहून एकदा विचार करा, इथं कुणीतरी त्या सिंहाच्या नाण्यानं तेलाचे पैसे चुकते केले असतील.

अजून एक. दुड्डू हा शब्द आपल्याकडं अजून आहे, कोकणीतही आहे, तेसुद्धा मूळचं तांब्याचं नाणं. म्हणजे कन्नडात पैशाला दोन शब्द, एक सोन्याच्या नाण्याचा आणि एक तांब्याच्या. वरचा नि खालचा, दोन्ही बाजार भाषेत राहिले.

शहापूरची_सून
सगळ्यांना नमस्कार. मी सोनाराच्या घरात दिलेली, सासरे शहापूरला दुकान चालवायचे, आता दीर बघतात. मला इतिहासातलं काही कळत नाही पण बारीक सोनं हाताळणं म्हणजे काय ते सांगू शकते.

मामंजी काटा वापरायचे तेव्हा पंखा बंद, दार लोटून घ्यायचं, आणि आम्हाला बोलायचंसुद्धा नाही, श्वासानं पारडं हलतं म्हणून. गुंजा त्यांच्याकडं एका पत्र्याच्या डबीत होत्या, लाल, डोळा काळा, कन्नड गिऱ्हाईक त्याला गुलगंजी म्हणायचं. त्या पण सगळ्या सारख्या नसतात, चांगल्या भरलेल्या निवडून काढायच्या, सुरकुतलेली गुंज पारड्यात चालत नाही. तीन गुंजांचं नाणं म्हणजे एक गुंज हलकी निघाली की तिसरा हिस्सा गेला की हो! म्हणून पूर्वी सराफ प्रत्येक नाणं कसोटीवर घासून बघत असणार, आणि घासलं की ते पुन्हा इवलंसं झिजणार. दुकानातली झाडलोटसुद्धा मामंजी फेकू देत नसत, वर्षातून एकदा झारेकरी येऊन ती माती घेऊन जायचा, धुऊन सोनं काढायला. मातीला पैसे मिळायचे! तर एवढं सोनं बोटांतून सांडतं तिथं हण सांभाळणाऱ्या बाईची काय कसरत असंल.

मामंजींच्या आज्जीची गोष्ट घरात सांगतात, त्या लुगड्याच्या पदराच्या कोपऱ्यात नाणं ठेवून त्याला दोऱ्यानं गच्च बांधायच्या, वर गाठ, आणि ती गाठ कनवटीत. बाजारात गाठ सोडायची नाही, सराफाच्या ओट्यावर बसूनच सोडायची. बांगडीवाला असो, कापडवाला असो, त्याच्यापर्यंत जायच्या आधी सराफाकडं मोड करून घ्यायची. बट्टा जायचा तो जायचा.

निवृत्त_सुभेदार
ताई, तुमची पोस्ट वाचून मला एक आठवलं. मी बेळगावच्या मराठा सेंटरचा, नोकरीत असताना दोन वर्षं तिरुवनंतपुरमला होतो. त्रावणकोरमध्ये चक्रम नावाचं चांदीचं नाणं चालायचं, तेपण असंच डाळीएवढं. तिथल्या संग्रहालयात मी ते मोजायची लाकडी फळी बघितली. फळीला ओळीनं बारीक खळगे पाडलेले, प्रत्येक खळगा बरोबर एका नाण्याच्या मापाचा, नाण्याच्या जाडीएवढाच खोल. मूठभर नाणी फळीवर ओतायची, फळी दोन्ही हातांनी धरून हलकेच हलवायची, एकेका खळग्यात एकेक नाणं जाऊन बसतं, वरची जादा हातानं पुसून घ्यायची. सगळे खळगे भरले की शंभराची फळी असंल तर शंभर झाले, मोजायचं कामच नाही. बोटानं मोजत बसलं असतं तर दिवस गेला असता. मी तिथं काचेसमोर बराच वेळ उभा होतो, साधी सुताराची वस्तू पण काय डोकं चालवलंय. एका पाटीत अख्ख्या खजिन्याची मोजदाद.

मलप्रभाकाठ
बापरे. मी मोजत कसे असतील म्हणून विचारलं होतं, उत्तर एकदम हातात दिलंत सुभेदारसाहेब. आज्जीला वाचून दाखवलं, ती म्हणाली "तांदूळ निवडायच्या सुपागत म्हण की."

हिंडलग्याची_आत्ती
हे वाचून माझ्या काळजाला लागलं म्हणून लिहिते. आमच्या आईकडं पुतळ्यांची माळ होती, आईला तिच्या आईनं दिलेली. पुतळ्या म्हणजे गोल चपट्या, त्यावर माणसाची आकृती, आम्ही लहानपणी त्याला राम-सीता म्हणायचो. पंचवीसेक वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या लग्नाला ती माळ एका दुकानात मोडायला दिली. दुकानदारानं बघितलं पण नाही, सरळ वजन केलं, जुनं सोनं म्हणून घट धरली आणि वाटीत टाकून वितळवलं आमच्यासमोर. नंतर एकानं फोटो बघून सांगितलं की त्यातल्या काही पुतळ्या परदेशी जुनी नाणी होती. आईच्या गळ्यातला तो एकच फोटो राहिलाय. कुणी सांगितलं असतं तर दोन तरी ठेवल्या असत्या. मलप्रभाकाठ, तुमची डबी कुणाला देऊ नका बाळ.

जुनं_नाणं
आत्ती, वाईट वाटलं वाचून. तो फोटो जपून ठेवा, मोठा करून घ्या. पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची डुकाट. १२८४ पासून पाडत होते, साडेतीन ग्रॅमची, जवळपास शुद्ध सोनं. एका बाजूला व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून संत मार्ककडून झेंडा घेतोय, दुसरीकडं लंबगोलात येशू उभा. आपल्याकडच्या बायकांना त्या आकृत्यांत देव दिसले, त्यात काही चूक नाही. मिरी-मसाल्याच्या बदल्यात ही नाणी जहाजानं पश्चिम किनाऱ्यावर यायची. कस इतका पक्का की पुतळीचं सोनं म्हणजे खात्रीचं सोनं. पुढं आपल्या सोनारांनी तशाच छापाच्या पुतळ्या इथंच केल्या, म्हणून प्रत्येक माळेतली प्रत्येक पुतळी व्हेनिसची असतेच असं नाही. पण असते कधीकधी! म्हणून मोडायच्या आधी प्रत्येकीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. एवढं ज्यानं त्यानं केलं तरी पुष्कळ.

येळ्ळूरचा_मावळा
इतक्या पोस्ट झाल्या आणि महाराजांचा होन कुणी काढला नाही. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, त्यावेळी सोन्याचा शिवराई होन पाडला, एका बाजूला 'श्री राजा शिव' दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. नागरीत. आपलं नाणं म्हणजे ते. रयतेच्या हातात तोच होन असणार.

बैलहोंगल_मास्तर
मावळे, होन आपला अभिमान आहेच, पण रयतेच्या हातात रोज असायची ती तांब्याची शिवराई. सोन्याचे शिवराई होन फार कमी सापडलेत, तांब्याची शिवराई मात्र पोतडीनं सापडते, आणि ती महाराजांच्या नंतर कितीतरी वर्षं, इंग्रज आले तरी बाजारात फिरत होती.

आणि महाराजांच्या खजिन्यात कुठले होन होते हे सभासद बखरीत आलंय. वाचताना आपल्या भागाचं नाव दिसलं की ऊर भरून येतो. शिवराई आहे, अच्युतराई आहे, देवराई आहे, कावेरीपाक आहे आणि धारवाडीसुद्धा आहे! म्हणजे विजयनगर १५६५ ला पडलं तरी त्यांच्या राजांच्या नावाचे होन शंभर वर्षांनी रायगडावर मोजले जात होते. नाणं कुणाचं हे बघायचंच नाही, कस आणि वजन बघायचं. पगार तर होनातच, पायदळाच्या जुमलेदाराला सालीना १०० होन, हजारीला ५०० होन. आता जुमलेदार १०० होन घेऊन घरी आला तर वाण्याकडं होन थोडाच टाकणार? तो मोडणार, आणि मोडून काय येणार, तर फलम आणि तांबं. वरती कॅशियरसाहेबांनी जी उतरंड सांगितली ती इथंही तशीच.

येळ्ळूरचा_मावळा
मास्तर, समजलं. धारवाडी होन रायगडावर होता हे माहीत नव्हतं, अंगावर काटा आला खरंच.

अनगोळची_पल्लवी
माझा एक साधा प्रश्न. उत्तरेत चांदीचा रुपया आणि आपल्याकडं खाली सोनं असं का? आम्हाला शाळेत शेरशहाचा रुपया शिकवला, हणाचं नाव पण नाही.

जुनं_नाणं
चांगला प्रश्न पल्लवी. एक तर सोनं दक्षिणेत निघायचं, कोलार, हट्टी, गदगजवळचा कप्पतगुड्ड. चांदी मात्र जवळजवळ सगळी बाहेरून. दुसरं म्हणजे मिरी, सुंठ, वेलदोडे, कापड घ्यायला जहाजं यायची ती सोनं ओतून जायची. आणि लोकांना एकदा सोन्याची सवय लागली की ती सुटत नाही, हिशेबच सोन्यात करायचा म्हटल्यावर लहानातलं लहान नाणंसुद्धा सोन्याचंच हवं, मग ते डाळीएवढं का होईना. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांनीही आपला 'प्रताप' उचलला आणि त्याचा 'पर्दाव' केला. आपल्या घाटातनं नंदगड-खानापूरला मीठ, नारळ, सुपारी घेऊन बैलांचे तांडे यायचे, त्या व्यापाराच्या थैल्यांत पर्दाव, होन, हण, लारी सगळं एकत्र. लारी म्हणजे दुमडलेली चांदीची तार, विजापूरकरांनीसुद्धा पाडलेली, नाण्यासारखी दिसतच नाही, केसातल्या आकड्यासारखी दिसते.

संपलं कसं तेही सांगतो. १८१८ च्या एप्रिलमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला, त्याच वर्षी मद्रास इलाख्यात सोन्याच्या होनाची सद्दी संपवून चांदीचा रुपया मुख्य नाणं केलं. त्यांचा हिशेब होता साडेतीन रुपयांना एक होन. १८३५ ला सगळ्या मुलखात कंपनीचा एकच रुपया. त्यानंतर हण बाजारातनं उठलं ते देव्हाऱ्यात, गळ्यात आणि सोनाराच्या मुशीत गेलं.

गोकाककर_एसपी
प्रश्न थोडा वेगळा. आमच्या शेजाऱ्याला विहिरीची माती काढताना मडक्याचे तुकडे आणि अशीच बारीक पिवळी दोन-तीन नाणी मिळाली. तो गप्प बसलाय, सोनाराला विकूया म्हणतोय.

बैलहोंगल_मास्तर
विकू नका म्हणावं. घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेलं वेगळं आणि जमिनीतनं निघालेलं वेगळं. जमिनीत सापडलेल्या धनाला १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा कायदाही आहे. सापडणाऱ्याला त्यात हक्क असतो, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. आणि मडक्याचे तुकडे फेकू नका, नाण्याइतकीच किंमत त्यांनाही. कुठल्या थरात, किती खोल, सोबत काय, हे गेलं की नाणं मुकं होतं. वडगाव-माधवपूरला उत्खनन झालं म्हणून तर बेळगावात सातवाहनांच्या काळी वस्ती होती हे नीट कळलं ना.

गोकाककर_एसपी
सांगतो त्याला. आज संध्याकाळीच जातो.

मलप्रभाकाठ
मंडळी, परत आलो. काल शहापूरला जाऊन काट्यावर घातलं. ०.३४ ग्रॅम. काच लावलेला काटा होता, तरी पहिल्यांदा ०.३५ दाखवून मग ०.३४ वर थांबला, सोनार म्हणाला कुंकू अजून थोडं आहे. भिंगातनं एका बाजूला बसलेली मूर्ती, तोंड माणसाचं नाही, सिंहाचं वाटतंय, हात चार. दुसऱ्या बाजूला तीन ओळी, नागरीच. वरती 'श्री' स्पष्ट. मधल्या ओळीत 'कं' सारखं, पुढचं अर्धं छापाच्या बाहेर गेलंय. खालच्या ओळीत 'रव' असावं.

जुनं_नाणं
मी खुर्चीतनं उठलो बघा. हे कंठीराय हण! श्री कंठीरव. म्हैसूरचा राजा कंठीरव नरसराज वडेयर, १६३८ ते १६५९, त्यानं हे पाडायला सुरुवात केली, एका बाजूला नरसिंह, दुसरीकडं नाव. नाण्यापेक्षा छाप मोठा असायचा म्हणून अक्षरं नेहमी अर्धी येतात, तुमचं त्यामानानं फार छान आलंय. पण वर्ष त्याच राजाचं धरू नका, लोकांचा विश्वास इतका बसला होता की टिपूनंतर दिवाण पूर्णय्यांच्या काळातही याच नावाचं हण पाडत होते.

आणि निपाणीच्या दादांसाठी शेवटचा पुरावा. १८००-०१ मध्ये फ्रान्सिस बुकानन नावाचा स्कॉटिश डॉक्टर म्हैसूर, कॅनरा, मलबार फिरला, प्रत्येक ठिकाणी शेतकऱ्याला बसवून विचारत. गड्याची मजुरी किती, भात कसं विकतं, हे त्यानं जागोजाग याच कंठीराय फनमात लिहून घेतलंय. राजाचा खजिना नव्हे, गड्याची मजुरी. तुमच्या आज्जींनी रोजगार हणावर चालायचा म्हणून सांगितलं ना? बरोबर तेच.

निपाणीचा_दादा
मानलं. भाजीचं माझं बरोबर, मजुरीचं आज्जीचं बरोबर. आज्जीला नमस्कार सांगा.

शहापूरची_सून
ते परत डबीत ठेवताना कोरड्या सुती कापडाच्या चिंधीत ठेवा, कुंकवात नको. कुंकवात मिसळलेलं झाडून टाकायला वेळ लागत नाही.

मलप्रभाकाठ
ताई, तेच करणार होतो. पण आज्जीनं ऐकलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, नरसिंह आहे, म्हैसूरच्या राजाचं आहे, मजुरीचं नाणं आहे. तिनं ते बोटावर चिकटवून डोळ्याजवळ नेलं, बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजे कुणीतरी राबून मिळवलेलं." सासूच्या सासूचं नाव यमुना होतं हे मला काल पहिल्यांदा कळलं. त्या दुसऱ्यांच्या शेतावर जायच्या हेपण कालच कळलं, आमच्या घरात हे कुणी कधी बोललंच नव्हतं.

मग आज्जीनं स्वतःच्या जुन्या लुगड्याचा कोपरा फाडला, त्यात हण ठेवून दोऱ्यानं बांधलं, दोन गाठी मारल्या आणि डबीत कुंकवावर ठेवलं. चिंधी पण झाली, कुंकू पण राहिलं. फोटो काढलेत दोन्ही बाजूंचे, रविवारी टाकतो.